कुंपणावरचे तीन वेली गुलाब, पंधरा महिन्यांनी

तीन कलमं आणली होती, जळगावातल्याच एका नर्सरीतून, प्रत्येकी 120 रुपयांना. तिन्ही पिशव्यांवर एकच चिठ्ठी: 'वेली गुलाब'. पांढरा, पिवळा, लाल, एवढंच काय ते कळत होतं. दसऱ्याला लावली, आता दुसरा पौष संपत आलाय. म्हणजे एक थंडी, एक खानदेशी मे आणि एक पावसाळा बघून झाला.

आधी लालबद्दल, कारण फजिती तिथेच झाली. होळीपर्यंत त्याचे फोक भिंतीच्या वर गेले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकानं दाखवायचो. फूल मात्र एकही नाही. चैत्रात अमळनेरहून मामा आले, खाली वाकले, बुंध्याजवळची माती बोटानं उकरली आणि म्हणाले, "भाचा, हाई ते जंगली शे." कलमाच्या गाठीच्या वरची लाल गुलाबाची काडी कधीच वाळून गेली होती. मी चार महिने शेणखत घालून वाढवत होतो तो गाठीखालून फुटलेला खुंट, म्हणजे ज्यावर कलम केलं होतं तो जंगली गुलाब.

नर्सरीवाल्यानं एक खूण सांगितली होती: पाच पानांचा गुलाब खरा, सात पानांचा जंगली. ती खूण विसरा. माझ्या पांढऱ्या वेलालाही कित्येक ठिकाणी सात-सात पानं आहेत आणि तो अस्सल आहे. खरी खूण म्हणजे फूट गाठीच्या वरून आहे की खालून, एवढंच. दुसरी, पानाच्या देठाच्या बुडाशी दोन चिमुकली पाती चिकटलेली असतात, ती बघा. माझ्या खुंटाच्या त्या पात्यांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या झालरीच्या होत्या. ही मल्टिफ्लोरा नावाच्या जंगली गुलाबाची ओळख, आणि त्यावर चांगल्या गुलाबाचे डोळे (काडीवरचे फुटवे येणारे कोंब) भरून कलम करण्याची पद्धत जुनी आहे. अशी फूट दिसली तर कात्रीनं कापू नका, बुडातून ओढून काढा. कापली की तिथूनच आणखी चार फुटतात.

पांढऱ्यानं मात्र पैसे वसूल केले. हिरवट, जवळजवळ बिनकाट्याची काडी, फुलांचे घोस, वास अगदी मंद, आणि थंडीच्या सकाळी पाकळ्यांवर गुलाबी झाक. ही सगळी लक्षणं आइसबर्गची. हा मूळ जर्मनीतल्या कोर्डेस यांचा, 1958 सालचा झुडपी गुलाब. त्याच्याच एका फांदीत बदल होऊन वेली प्रकार निघाला, तो 1968 सालचा. फूल तेच असतं, त्यामुळे नुसतं फूल बघून झुडूप की वेल ते कळत नाही. काडी बघावी लागते. झुडपाची काडी दोन-तीन फुटांवर घोस काढून थांबते. वेलाची पहिल्या वर्षी फुलाकडे लक्षच देत नाही, नुसती लांबत जाते. जूननंतर माझ्या वेलानं असे पाच फोक काढले, तेव्हा माझी खात्री पटली.

यातच एक धोका आहे. ऑक्टोबरमध्ये नेहमीच्या गुलाबासारखी गुडघ्यापर्यंत छाटणी केली, तर असा वेल कधी कधी परत झुडूप होऊन बसतो. निदान पहिली दोन वर्षं लांब काड्यांना हात लावू नये. मी फक्त वाळकं काढलं आणि ते पाचही फोक जीआय तारेवर जवळजवळ आडवे वळवून सुतळीनं सैलसर बांधले. गुलाबाला कारल्यासारखे ताणे नसतात, बांधल्याशिवाय तो चढत नाही. आडवं बांधल्याचा परिणाम मात्र डोळ्यांनी पाहिला. उभ्या काडीत सगळा जोर शेंड्याला जातो, आडव्या काडीत डोळ्याडोळ्यातून आखूड फूट येते आणि प्रत्येक फुटीला फूल. डिसेंबरात एकदा मोजली, साठच्या वर फुलं होती.

पिवळा बहुतेक गोल्डन शॉवर्स असावा: चकचकीत गडद पान, मोकळं फूल, उघडल्यावर मधले केसर दिसणारं. चूक त्याची नाही, माझी. मी तो पश्चिमेच्या भिंतीला लावला. आपल्याकडे मेमध्ये पारा 45 च्या पलीकडे जातो आणि ती भिंत रात्री दहापर्यंत तव्यासारखी तापलेली असते. भिंतीला टेकलेल्या काड्या एका बाजूनं भाजून निघाल्या. नंतर तार भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, बुडाशी केळीच्या वाळल्या पानांचा थर दिला, दुपारपुरती हिरवी जाळी लावली, तेव्हा कुठे जगला. लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीडही तेव्हाच आली. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा दोन आठवडे, औषध काही मारलं नाही. फुलाचा रंग थंडीत तीन दिवस टिकतो, मार्चमध्ये दुपारपर्यंतच पांढुरका होतो. पूर्वेच्या, सकाळचं ऊन मिळणाऱ्या भिंतीला लावा, मग तक्रार राहणार नाही.

आणि हो, काळ्या मातीत नुसता खड्डा करून लावू नका. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. मी वाळू आणि शेणखत मिसळून वाफा वीतभर उंच केला होता, तिन्हींत तेवढं एक काम पहिल्या फटक्यात बरोबर झालं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो लोह कमी पडल्याचा प्रकार, आपल्या चुनखडीच्या मातीत हमखास होतो.

लालच्या जागी नवीन वेल माघात आणणार आहे, रोप फुलावर असताना, आणि पिशवीतली गाठ स्वतः बघून. तोवर त्या आळ्यात कोथिंबीर आहे, ती मात्र चिठ्ठीप्रमाणेच उगवली.