सॅम्पल खरं, माल खोटा : पाइपच्या तंबाखूत मी कसा गंडलो

११,४०० रुपये गेले. बायकोला त्यातले ५,४०० च माहिती आहेत, त्यामुळे ओळखीच्या कुणी हे वाचलं तर कृपा करून घरी फोन करू नका. पाइप ओढणारे आपल्याकडे आहेतच किती, मूठभर, पण त्यातल्या दोघांनी गेल्या महिन्यात मला विचारलं की मला गंडवणाऱ्या त्याच माणसाकडून पाइपचा तंबाखू घेऊ का, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. (तंबाखू वाईट आहे हे मला माहितीये, त्यावरचं लेक्चर घरात रोज फुकट मिळतं.)

पाइप माझ्याकडे आला तो आत्याच्या यजमानांचा. ते मर्चंट नेव्हीत होते, ते गेल्यावर कपाट आवरताना आत्याने दोन ब्रायरचे (ब्रायर म्हणजे पाइपचं खास लाकूड) पाइप माझ्या हातात ठेवले, मलाच का ते तिलाच ठाऊक. पुण्यात तेव्हा मला मिळून मिळून काय मिळायचं तर व्हॅनिलाचा वास मारणारा गोड अरोमॅटिक पाऊच, तोही पानवाल्याकडे नाही, कॅम्पातल्या एका सिगार ठेवणाऱ्या दुकानात, कधी असायचा कधी नसायचा. दोन वर्षं तोच ओढला. पण माणूस वाचायला लागला की हाव सुटते. तंबाखूचे प्रकार तरी किती, लटाकिया काय, पेरीक काय, डेन्मार्कचे फ्लेक काय, इंग्लंडात केंडल गावात १७९२ पासून तंबाखू बनवणारं सॅम्युअल गॅविथ काय, आणि आपण इथे व्हॅनिला ओढतोय.

अशात एका मित्राच्या मित्राकडून नंबर मिळाला. मुंबईचा माणूस, बोलायला एकदम लाघवी, प्रत्येक वाक्यात दादा. त्याचं म्हणणं, मेहुणा विमान कंपनीत आहे, दुबईहून डबे येतात, मी ते उघडून थोडं थोडं वाटतो, म्हणजे तुम्हाला अख्खा डबा घ्यायला नको, आधी चव बघा आणि आवडलं तर घ्या. किती रास्त वाटतं ना हे? पाइपवाल्यांत अशी वाटावाटी चालतेच, कारण पन्नास ग्रॅमचा डबा घेतला आणि नाही जमला तर त्याचं करायचं काय.

१,५०० रुपयांत पाच झिपच्या पिशव्या आल्या, प्रत्येकी दहा ग्रॅम, वर मार्करने नाव. आणि हे मुद्दाम सांगतो, माल अस्सल होता. नाईटकॅप नावाच्या ब्लेंडची, म्हणजे तयार मिश्रणाची, पिशवी उघडली तर आजीच्या स्वयंपाकघरात चुलीमागची जी काळी भिंत होती ना, तिचा वास. तो लटाकियाचा. नाव सिरियातल्या लटाकिया बंदराचं, आता येतो तो बहुतेक सायप्रसचा, ओरिएंटल जातीचं पान लाकडाच्या धुरात टांगून टांगून काळं करतात. दुसऱ्या पिशवीत व्हर्जिनिया (गोडसर पान) आणि पेरीकचा फ्लेक, म्हणजे दाबून वडीसारखा कापलेला. पेरीक अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिश नावाच्या एवढ्याशा भागात होतो, पानं व्हिस्कीच्या जुन्या पिंपात भरून वरून जॅकने दाब देतात आणि महिनोन्महिने आंबवतात, थोडक्यात लोणच्याच्या बरणीवर दगड. वासही तसाच, मुरलेला, आंबटगोड. माझ्या पाइपला एका वेळी दोन-अडीच ग्रॅम लागतो, म्हणजे दहा ग्रॅममध्ये चार वेळा. महिनाभर रविवारची वाट बघत पुरवून पुरवून ओढला. नाईटकॅपचा शेवटचा थोडासा ओढवेना म्हणून जॅमच्या छोट्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवला. तेवढी एकच गोष्ट मी या सगळ्यात शहाण्यासारखी केली आणि तीही चुकून.

मग त्याचा मेसेज. दादा संपलं का? नाईटकॅप तुमच्यासाठी अडीचशे ग्रॅम बाजूला ठेवलाय, दुसरे दोघं मागतायत पण म्हटलं दादांना आधी विचारू. ५,४०० रुपये. आणि हो, एक खास चीज आहे, पीटरसन कंपनीचा नाईटकॅप, सीलबंद डबा, २०१२ चा, बारा वर्षं मुरलेला, फक्त ३,६००. आता डबा मुरतो हे खोटं नाही, व्हर्जिनिया बंद डब्यात वर्षानुवर्षं गोड होत जातो, लटाकिया मवाळ होतो, जुन्या डब्यांना शौकीन लोक वेड्यासारखे पैसे देतात. मी पण दिले. मग चार दिवसांनी म्हणे दादा पार्सल कस्टममध्ये अडकलंय, दोन हजार भरावे लागतील, ते पाठवले, मग कुरिअरचे चारशे, तेही पाठवले. मेहुण्याच्या बॅगेतून येणाऱ्या मालाचं पार्सल कस्टममध्ये अडकेल कसं, हा प्रश्न मला आज पडतो. तेव्हा मी फक्त ट्रॅकिंग नंबर मागत होतो आणि तो आज देतो उद्या देतो करत होता.

एकोणीस दिवसांनी खोका आला. डबा मी वाढदिवसासाठी ठेवून दिला आणि सुटा माल भरला. पेटेना. चार काड्या, सहा काड्या, पेटला की विझला, पाइपच्या वाटीच्या तळाशी हुक्क्यासारखी गुरगुर आणि जिभेला असा चटका की संध्याकाळी वरणभातसुद्धा झोंबला. आणि मी काय केलं? स्वतःला दोष दिला! पाइप नीट भरला नसेल, मी फार जोरात ओढतो, पाइप घाण झाला असेल. मग तंबाखू पेपरवर पसरून दोन तास वाळवला, पाइप क्लीनर घालून घालून पाइप साफ केला, टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांडीने, हलक्या हाताने दाबून बघितलं. दोन आठवडे हेच चाललं. आपल्या लोकांची ही खोड आहे, माल महाग असला की वाईट लागतोय हे म्हणायचीच लाज वाटते.

मग एका रात्री ती जॅमची बाटली आठवली. दोन बश्या घेतल्या, एकीत जुनं सॅम्पल, दुसरीत नवा माल. जुन्यात रंग वेगवेगळे होते, काळं पान, तांबूस पान, मधेच पिवळट, लांब बारीक पट्ट्या. नव्यात सगळं एकजात काळं, बूट पॉलिश केल्यासारखं. चिमटीत चोळलं तर बोटं तपकिरी झाली. वास धुराचाच होता पण वरवरचा, बाटलीतून ओतल्यासारखा. मग स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेऊन चिमूटभर टाकला. जुन्याचं पाणी हळूहळू चहासारखं झालं. नव्याचं टाकल्या टाकल्या काळं. तीन वेळा पाणी बदललं तेव्हा खाली जे उरलं ते फिकट पान होतं, वरवर थोड्या लांब पट्ट्या आणि त्याखाली सगळा चुरा, कणी कणी. नाकाजवळ नेलं आणि ठसकाच लागला.

तो ठसका माझ्या ओळखीचा आहे हो. माझं आजोळ निपाणीकडचं. मामा तंबाखू करायचे, १९८१ च्या आंदोलनात शरद जोशींबरोबर हायवेवर बसलेले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं वखारीत शिरायचो आणि शिंकून शिंकून बाहेर पडायचो. विडीचा तंबाखू, चुरून चाळलेला, तिथल्या हवेतच असतो तो. म्हणजे या पठ्ठ्याने विडीचा चुरा घेतला, कसल्यातरी स्वस्त पट्ट्या मिसळल्या, रंग मारला, गोड काहीतरी आणि धुराचा एसेन्स शिंपडला आणि मला तो साडेएकवीस रुपये ग्रॅमने विकला. मामा असते तर हसून हसून मेले असते, त्यांना आयुष्यात असा भाव मिळाला नाही.

डब्याचं अजून वाटत होतं की तो तरी खरा असेल, सीलबंद होता ना. वानवडीत एक रिटायर्ड कर्नलसाहेब आहेत, चाळीस वर्षं पाइप ओढतायत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, डबा उलटा केला, सुलटा केला आणि वरच्या स्टिकरवर बोट ठेवलं. "२०१२? अरे, २०१२ ला पीटरसनचा नाईटकॅप होता कुठे? तेव्हा तो डनहिल कंपनीचा होता. डनहिलने तंबाखू बंद केला २०१८ ला, त्यानंतर तेच ब्लेंड पीटरसनच्या नावाने आले." मी गप्प. मग म्हणाले उघड. गोल डबा असतो तो, कडेच्या फटीत नाणं घालून पिळायचं, हवा आत शिरते आणि फुस्स असा आवाज येतो. पाचाचं नाणं घातलं, पिळलं. आवाज नाही. झाकण मऊपणे निघून आलं आणि कडेला गोंदाची पुसट रेघ. आत घडीचा कागद वगैरे सगळं नीट, आणि वास व्हॅनिलाचा! तोच कॅम्पातला पाऊच. कर्नलसाहेबांनी काही न बोलता स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला, भर म्हणाले. मला भरवेना.

त्याला फोन केला. आधी म्हणाला दादा बॅच वेगळी असते. मग म्हणाला तुमची जीभ अजून तयार नाही झाली, इंग्लिश ब्लेंड, म्हणजे हे लटाकियावाले, सगळ्यांना झेपत नाहीत. मी विडीचं नाव काढल्यावर नेटवर्क गेलं त्याचं. दुसऱ्या दिवशी डीपी गायब.

१९३० ला फोन केला, सायबरवाल्यांचा नंबर आहे तो. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, माल मिळाला ना? बिल आहे? पाकिटावर काय लिहिलंय? आणि तिथे माझी बोलती बंद झाली. बिल नाही. पाकीट म्हणजे झिपची पिशवी. २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत चित्राचा इशारा लागतो, बाहेरून आलेल्या मालालाही, आणि माझ्या पिशवीवर मार्करने लिहिलेलं नाव. मेहुण्याच्या बॅगेतला माल आपण हौसेने घेतला, कारण स्वस्त पडत होता. तो काय विकतो यापेक्षा आपण तक्रार करायला कचरतो हेच त्याचं खरं भांडवल आहे. नंतर कळलं की अजून तिघांना त्याने हाच खेळ केलाय, पहिलं सॅम्पल प्रत्येकाला अस्सल, आणि तिघंही माझ्यासारखेच गप्प.

तुम्हाला त्याचा किंवा त्याच्यासारख्या कुणाचा मेसेज आला तर निदान एवढं करा. सॅम्पल आवडलं तरी सगळं संपवू नका, दोन ग्रॅम काचेच्या बाटलीत ठेवा, मोठा माल आला की पहिल्याच दिवशी शेजारी ठेवून बघा, पाण्यात टाकून बघा. माझ्यासारखे दोन आठवडे पाइप घासत बसू नका. डब्याचं म्हणाल तर तळाशी छापलेल्या कोडचा फोटो मागा, पेनाने लिहिलेल्या सालाला काही अर्थ नाही, आणि त्या साली ते नाव बाजारात होतं का हे पाच मिनिटांत शोधता येतं, मी नाही शोधलं. आणि माल निघाल्यावर वर पैसे मागितले की तिथेच थांबा, आधी गेलेले गेले समजा. एखाद्याला बिल माग म्हटल्यावर हसू येईल, पण बिल देणारं दुकान महाग पडतं तेवढंच पडतं, मी सगळा हिशोब करून बसलोय.

उरलेल्या दोनशे ग्रॅमचं काय करायचं हा प्रश्न होता. फेकवेना. शेवटी बादलीत रात्रभर भिजवला, गाळला, थोडं साबणाचं पाणी घातलं आणि बाल्कनीतल्या जास्वंदीवर मारला, तिच्यावर कधीपासून मावा पडला होता. मावा चार दिवसांत साफ. बायको खूश आहे, फक्त पाच हजार चारशेचं औषध जरा महागच पडलं म्हणाली. मी हो म्हटलं.