फॉइल की सेबर? भाचीसाठी केलेला हिशोब

माझी भाची नागपुरात दोन वर्षांपासून फेन्सिंग, म्हणजे तलवारबाजी, खेळते. तिचं शस्त्र फॉइल; सेबर हे त्याच खेळातलं दुसरं शस्त्र. आता ताई विचारते, 'भवानी देवी सेबरमुळेच टोकियोला गेली ना? मग हिलाही सेबरला टाकू का?' भवानी ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय फेन्सर, हे खरं. पण तेवढ्यावरून शस्त्र बदलू नये.

खर्च आधी बघू. फॉइलचं लामे (वार लागल्याची विजेने नोंद करणारं वरचं जॅकेट) बिनबाह्यांचं, सेबरचं बाह्यांसकट. पण दुरुस्तीची कटकट फॉइललाच जास्त. टोकाला स्प्रिंगचं बटण, पात्यातून वायर. तपासणीत 500 ग्रॅमचं वजन टोकाच्या स्प्रिंगने उचललं गेलं नाही तर शस्त्र बाद. स्क्रू हरवला की शोधत बसा! सेबरला बटणच नाही.

खेळात फरक मोठा. फॉइलमध्ये फक्त धड, तेही टोकानेच. हातावर लागलं तर पांढरा दिवा, गुण नाही. सेबरमध्ये कमरेच्या वर डोक्या-हातांसह (पंजे सोडून) कुठेही, धारेनेही. हल्ल्याचा हक्क (दोघांचे वार एकदम लागले तर आधी हल्ला सुरू करणाऱ्याला गुण) दोन्हीकडे आहे, पण सेबरमध्ये निकाल क्षणात लागतो. तिथे पंचाच्या नजरेवर फार अवलंबून राहावं लागतं, असं मला वाटतं.

मे महिन्यात जाड जॅकेट दोन्हीकडे सारखंच उकडतं.

डाव रचायला आवडत असेल तर फॉइलच. पाय चपळ, स्वभाव तडकाफडकी असेल तर सेबर. आमची भाची दहीभातही विचार करून खाते. तिला फॉइलच राहू दे, ताई.