ल्युदमिला की जुजाना?

आई स्लोव्हाक, बाबा मराठी, घर ब्रातिस्लाव्हात. मुलीचं नाव ठरवताना आमच्याकडे शेवटी हीच दोन नावं उरली होती.

अर्थ पाहिला तर ल्युदमिला उजवं. ‘ल्युद’ म्हणजे लोक, ‘मिला’ म्हणजे प्रिय. अस्सल स्लाव घडण. शिवाय मागे संत ल्युदमिला, म्हणजे चेक राजपुत्र संत वात्स्लावची आजी, 921 साली तेतीन या चेक गावी मारली गेलेली. तिला मेथोडियसने, म्हणजे नवव्या शतकात स्लाव लोकांत ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या धर्मगुरूने, बाप्तिस्मा दिला असं परंपरा सांगते, आणि मेथोडियस म्हटलं की स्लोव्हाक माणूस लगेच हक्क सांगतो. जुजानाचं मूळ हिब्रू ‘शोशन्ना’, लिलीचं फूल. नाव छान, पण बाहेरून आलेलं.

माझं घोडं अडलं ते ल्युदमिलाच्या पहिल्या अक्षरावर. तो मऊ ‘ल’ रोमन एलला अपॉस्ट्रॉफीसारखी खूण जोडून लिहितात. बायकोचं नावही त्याच अक्षराचं, त्यामुळे पुढचं सगळं दिसत होतं. भारतातल्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ते अक्षर बसतच नाही. कुणी खूण गाळतं, कुणी खरोखरची अपॉस्ट्रॉफी टाकतं, आणि दोन कागदांवर दोन नावं होतात. पासपोर्टच्या तळाच्या, यंत्राने वाचायच्या ओळीत तर नुसता एल. मग ‘ही बाई तीच’ हे खिडकीपलीकडच्या माणसाला पटवत बसा. एवढं करून ब्रातिस्लाव्हात कितीतरी जण तो मऊ ‘ल’ उच्चारतही नाहीत! चेक लोक हेच नाव खुणेशिवाय लिहितात. तसं लिहू या म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, मग ते चेक नाव झालं.

जुजानाला ही कटकट नाही. उच्चारही आपल्याला जवळजवळ आयता: ‘जुना’तला जु, ‘जागा’तला जा. माझ्या आईला शिकवावा लागला नाही.

नाव फार सर्रास आहे, हे मान्य. बागेत ‘जुज्का’ अशी हाक मारली की भलत्याच मुली वळून बघतात. 2019 ते 2024 स्लोव्हाकियाच्या राष्ट्राध्यक्षही जुजानाच होत्या, चापुतोवा. तरी कागदपत्रं दोन देशांत फिरणार असतील तर मी, माझ्यापुरतं, जुजानाच म्हणेन. सगळं आयुष्य स्लोव्हाकियातच जाणार असेल, तर ल्युदमिलाला नाही म्हणणं कठीण.

राहिला नामदिन, म्हणजे कॅलेंडरात त्या नावासाठी ठरलेला दिवस, जो इथे वाढदिवसासारखा साजरा करतात. ल्युदमिलाचा 16 सप्टेंबर, शाळा सुरू झालेली. जुजानाचा 11 ऑगस्ट, ऐन सुट्टीत. वर्गात चॉकलेटं वाटायची हौस असेल, तर तो गुण ल्युदमिलाला द्या.