सोलापुरात सेकंड हँड हलका लॅपटॉप: चार मॉडेलं समोरासमोर

इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर पाहिजे का आय-सेव्हन, हा प्रश्न जुन्या लॅपटॉपच्या काउंटरवर सगळ्यात आधी येतो. त्याला उत्तर देऊ नका. उलट विचारा, जनरेशन, म्हणजे प्रोसेसरची पिढी, कितवी? आय-सेव्हन ७६००यू हा सातव्या जनरेशनचा प्रोसेसर दोन कोअरचा आहे, तर आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह ८२५०यू चार कोअरचा. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग. म्हणजे एका वेळी दहा-बारा टॅब, एक एक्सेल आणि वर व्हिडिओ कॉल असा रोजचा पसारा मांडला की सातचं स्टिकर असलेलं मशीन पाचवाल्याच्या मागे पडतं. तरी काउंटरवर भाव त्याचाच चढा असतो.

दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे जवळजवळ फक्त आठव्या जनरेशनपासून पुढे चालते. सहाव्या-सातव्यावर ती आडमार्गाने बसवून देणारे आहेत, चालतेही. पण पुढचं मोठं अपडेट बसेल याची हमी कुणीच देत नाही. तेव्हा रॅम आणि एसएसडी सारखीच असताना सातवी आणि आठवी यांत तीन-चार हजारांचाच फरक असेल, तर घासाघीस आठवीवरच करा.

हलक्या मशीनमध्ये वीस हजारांच्या आसपास बजेट धरून शोधण्यासारखी चार मॉडेलं म्हणजे खालची: थिंकपॅड लेनोव्होचे, लॅटिट्यूड डेलचा, एलिटबुक एचपीचा. चारही २०१८ ची, मूळची कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेली आणि मुदत संपल्यावर लॉटने बाजारात आलेली.

| | थिंकपॅड एक्स२८० | लॅटिट्यूड ७२९० | एलिटबुक ८३० जी५ | थिंकपॅड टी४८०एस |
|---|---|---|---|---|
| स्क्रीन | १२.५ इंच | १२.५ इंच | १३.३ इंच | १४ इंच |
| वजन (साधारण) | १.२ किलो | १.२ किलो | १.३५ किलो | १.३५ किलो |
| रॅम | बोर्डावर जडवलेली | एक स्लॉट | दोन स्लॉट | काही बोर्डावर, शिवाय एक स्लॉट |
| चार्जिंग | फक्त टाइप-सी | गोल पिन किंवा टाइप-सी | गोल पिन किंवा टाइप-सी | फक्त टाइप-सी |

वजनाच्या ओळीकडे बघा. सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड मशीनमध्ये जेमतेम दीडशे ग्रॅमचा फरक आहे. खरा फरक तिसऱ्या ओळीत आहे. एक्स२८० ची रॅम मदरबोर्डला झाळलेली असते, त्यामुळे घेताना ८ जीबी असेल तर ती शेवटपर्यंत ८ जीबीच. आज ब्राउझर, व्हॉट्सॲप आणि टॅलीला ८ जीबी पुरते. चार वर्षांनी पुरेल असं म्हणवत नाही. ४ जीबीचा एक्स२८० कुणी कितीही स्वस्तात दिला तरी हात लावू नका. १६ जीबीचा सापडला तर मात्र चौघांत सगळ्यात सुटसुटीत मशीन तेच.

लॅटिट्यूड ७२९० उघडायला सोपा, टिकायला दणकट, आणि त्याच्या एकाच स्लॉटमध्ये १६ जीबीची पट्टी बसते. फक्त पट्टी वाढवता येत नाही, जुनी काढून नवी घालावी लागते, म्हणून ८ जीबी घेऊन नंतर बघू हा हिशेब इथे महागात जातो. त्याचं खरं दुखणं स्क्रीन. बहुतेक तुकडे १३६६ बाय ७६८ चे असतात. इंग्रजी मजकूर त्यावर खपून जातो, पण बारीक टाइपातली देवनागरी वाचताना जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात, अनुस्वार आणि रफार ओळखायला डोळे ताणावे लागतात. शाळेची पत्रकं, सातबारा, मराठी पीडीएफ असलं वाचन रोजचं असेल तर हा लॅपटॉप यादीतून काढा. त्याचाच १३.३ इंची भाऊ लॅटिट्यूड ७३९० फुल एचडी स्क्रीनसह मिळाला तर तो जरूर बघा.

एलिटबुक ८३० जी५ चे दोन स्लॉट ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू. ८ जीबीवर घ्या, पुढे सवडीने दुसरी ८ ची पट्टी टाका. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही थोडा वेग येतो. या मॉडेलच्या काही तुकड्यांत शुअर व्ह्यू नावाची गोपनीयता राखणारी स्क्रीन असते. शेजारच्याला दिसू नये म्हणून बनवलेली ही स्क्रीन समोरच्यालाही धड दिसत नाही. बाजूने बघितल्यावर रंग धुतल्यासारखे वाटले तर ती तीच. साध्या फुल एचडी पॅनेलचा तुकडा मागा.

टी४८०एस ला १४ इंची स्क्रीन, पूर्ण आकाराचा लॅन पोर्ट आणि चौघांत सगळ्यात सुखाचा कीबोर्ड. दिवसभर टायपिंग करणाऱ्यांनी, म्हणजे कर सल्लागाराकडचे, वकिलाकडचे, डीटीपी करणारे, यांनी दुसरीकडे बघायचं कारण नाही. बोर्डावरची रॅम ८ आहे की ४, एवढं विचारून घ्या.

थोडक्यात पसंतीचा क्रम सांगायचा तर घरातल्या सगळ्यांनी मिळून वापरायला ८३० जी५ आणि टायपिंगला टी४८०एस. रोज बसने कॉलेजला जाणाऱ्याला १६ जीबीचा एक्स२८०. ७२९० तिघांहून चांगलाच स्वस्त मिळत असेल तरच.

दोन्ही थिंकपॅडबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगणार नाही. या काळातल्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये, म्हणजे टाइप-सी पोर्ट चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, दोष होता, आणि लेनोव्होने त्यासाठी अपडेट काढलं. ते न घातलेल्या मशीनचा टाइप-सी पोर्ट हळूहळू कामातून जाऊ शकतो. या दोन मॉडेलांना चार्जिंग त्याच वाटेने असल्याने पोर्ट गेला की सगळंच अडतं. तपासणी सोपी आहे: दोन्ही टाइप-सी पोर्टांत आळीपाळीने चार्जर लावा, मग टाइप-सी पेन ड्राइव्ह लावा, आणि एचडीएमआय केबलने दुकानातल्या टीव्हीवर चित्र येतं का बघा. सगळं चाललं तर घरी आल्यावर पहिलं काम ते अपडेट घालण्याचं. पिन हलवल्यावर चार्जिंग तुटत असेल तर पुढचं बोलणंच नको.

लॅटिट्यूडच्या गोल पिनची खोड वेगळी. तिच्या मधोमध एक बारीक पिन असते, तिच्यावरून मशीन चार्जर ओळखतं. ती वाकलेली किंवा चार्जर नकली असेल तर लॅपटॉप चालू राहतो पण बॅटरी भरत नाही, आणि प्रोसेसरही मुद्दाम हळू पळतो. दोष बॅटरीचा आहे असं समजून लोक बॅटरी बदलतात.

आता बॅटरी. दुकानदाराच्या 'तीन तास आरामात' ला अर्थ नाही. सर्चमध्ये सीएमडी टाकून काळी खिडकी उघडा आणि powercfg /batteryreport असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. तयार होणाऱ्या फाइलमध्ये मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता असे दोन आकडे असतात. एक्स२८० ची मूळ क्षमता साधारण ४८ वॉट-तास, टी४८०एस ची ५७. समजा आता ३४ उरलेत. साध्या कामात ही मशीनं तासाला सात-आठ वॉट-तास खातात, म्हणजे साडेचार तासांच्या आसपास मिळतील. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला पोचेपर्यंत पुरेल, परतीला नाही. मूळच्या साठ टक्क्यांखाली आकडा असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वळता करून मागा. आकडा पटत नसेल तर चार्जर काढून वीस मिनिटं व्हिडिओ लावा. एकदम दहा-पंधरा टक्क्यांची उडी मारणारी बॅटरी रिपोर्टमध्ये चांगली दिसली तरी खराबच.

मशीन सपाट काचेच्या काउंटरवर ठेवून चारही कोपऱ्यांवर बोट दाबा. डुगडुगतं का? टचपॅडचं बटण घट्ट लागतं का? बॅटरी फुगल्याची ही खूण आहे. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. त्यामुळे टेबलावर सतत चार्जरला लावून वापरणार असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू करा. डेलमध्ये ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, मिळते, लेनोव्होत व्हँटेज ॲपमध्ये.

उन्हाळ्याचा दुसरा फटका पंख्याला. या लॅपटॉपांत हवा खालच्या जाळीतून आत जाते. गादीवर चादर अंथरून त्यावर लॅपटॉप ठेवला, आणि चादर आपली सोलापुरीच, चांगली जाडजूड, की जाळी बुजलीच. यंत्रमागाच्या आसपास घर किंवा दुकान असेल तर आणखी एक भर: सुताचे बारीक तंतू पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे गोधडीसारखे बसतात. बाहेरून ब्लोअर मारला तर ती गोधडी आणखी आत जाते. खालचं झाकण उघडा, आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने काढा. पातं मोकळं सोडून जोरात हवा मारली तर पंख्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. सात-आठ वर्षांच्या मशीनमधली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर वाहून न्यायला लावलेला लेप, वाळलेली असणार हे धरूनच चाला. घेतानाच ती बदलून द्यायला सांगा, नंतर कुणी लक्ष देत नाही.

कंपनीच्या लॉटमधल्या मालाला कुलपंही असतात, आणि ती वरून दिसत नाहीत. मशीन सुरू करताना लेनोव्होला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१० दाबून बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर मशीन परत ठेवा. हा पासवर्ड बॅटरी काढल्याने जात नाही. तिथला सिरियल नंबर मागच्या स्टिकरशी जुळतो का तेही बघा. दुसरं कुलूप त्याहून लबाड: विंडोज रीसेट करून वाय-फाय जोडून सेटअप करताना एखाद्या कंपनीचं नाव आणि तिथला ईमेल मागणारी पाटी आली, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. दुकानात इंटरनेट न जोडता सेटअप केलेलं असल्याने हे तेव्हा दिसत नाही, घरी पहिल्या रीसेटला उघडं पडतं. म्हणून समोर, वाय-फाय जोडून, रीसेट करून मागा. अर्धा-पाऊण तास जातो. जाऊ द्या. समोरच उडप्याकडे चहा प्या.

कीबोर्डवरची प्रत्येक कळ नोटपॅडमध्ये दाबून बघा. परदेशी लॉटमध्ये जर्मन किंवा फ्रेंच मांडणीचे कीबोर्ड असतात, त्यावर इंग्रजी स्टिकर चिकटवलेले असतात. सहा महिन्यांत स्टिकर घामाने सुटतात. एसएसडीचं आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये टक्केवारीत दिसतं. पांढरी स्क्रीन लावून दाबाचे डाग, बिजागरी, कॅमेरा, माइक हे नेहमीचंच.

बजेट दहा-बारा हजारांवर अडलं असेल तर थिंकपॅड एक्स२६० किंवा एक्स२७०. सहावी-सातवी जनरेशन, पण रॅमला स्लॉट आहे आणि आतली व मागे लावायची अशा दोन बॅटऱ्या. मागची बॅटरी मशीन चालू असतानाच बदलता येते. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून ब्राउझर आणि अभ्यासाला वापरायचं असेल तर फसवणूक नाही. टॅली पाहिजे असेल तर मात्र विंडोजच लागेल.

मॅकबुक एअर २०१७ दिसायला अजून देखणा, पण मॅकओएसच्या मॉन्टेरे आवृत्तीच्या पुढे त्याला ॲपल काही देत नाही आणि रॅम बदलत नाही. हौस असेल तर घ्या. आणि 'जुनं कशाला, त्याच पैशात नवं येतंय की' म्हणून सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि एसएसडीऐवजी ६४ जीबी ईएमएमसी ही हळू साठवण असलेलं नवं कोरं मशीन कुणी सुचवत असेल, तर तो सौदा चौघांतल्या कुणापुढेही टिकत नाही. विंडोजच्या अपडेटनेच ती ६४ जीबी भरून जाते, आणि दोन कोअरचा सेलेरॉन २०१८ च्या आय-फाइव्हच्या जवळपासही येत नाही. नवेपणाचा फायदा एकच, वर्षाची वॉरंटी.

वॉरंटीवरून कुठून घ्यायचं ते ठरतं. पुण्यात निवड मोठी, ऑनलाइन भाव कधी कधी कमी. पण पोर्ट ढिला निघाला तर पुण्याला परत जाण्यात एक दिवस आणि भाडं जातं. पाचशे-हजार जास्त देऊन गावातच घेतलेलं परवडतं, अट एवढीच की 'टेस्टिंग वॉरंटी' किती दिवसांची आणि त्यात काय काय धरलंय हे बिलावर लिहून मिळावं. बिल जीएसटीचं, त्यावर सिरियल नंबर, रॅम, एसएसडी आणि बॅटरी रिपोर्टमधला आताचा आकडा. हे लिहून द्यायला दुकानदार कुरकुर करेल, पण बॅटरीचा आकडा लिहायला नाही म्हणणाऱ्याला तो आकडा माहीत असतो.