एका गावच्या वाचनालयाचे कादंबरी मंडळ : वर्गणीदाराचा अभिप्राय

दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवरील एका गावात सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी तीन वाजता कादंबरी वाचणारी मंडळी जमतात. त्यासाठी वेगळे शुल्क नाही. वाचनालयाची नेहमीची मासिक वर्गणी आणि सदस्यत्व सोडताना परत मिळणारी अनामत रक्कम एवढ्यावर कोणालाही मंडळात बसता येते. गर्दी वाढली तर माडी पुरणार नाही, या भीतीने चालकांना गाजावाजा नको आहे, म्हणून वाचनालयाचे नाव येथे देत नाही. पंचक्रोशीत चौकशी केल्यास ते सहज सापडेल. तालुक्याच्या ठिकाणी व्याख्याने, सत्कार आणि पुस्तक प्रकाशने होतच असतात. परंतु एक कादंबरी सर्वांनी वाचून यायची आणि मग तिच्यावरच बोलायचे, असा शिस्तीचा उपक्रम या भागात दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

लहान वाचनालयाची पहिली अडचण प्रतींची असते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायदा १९६७ सालचा. त्या व्यवस्थेत ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग आहेत आणि अनुदान वर्गाप्रमाणे मिळते. ‘ड’ वर्गातल्या वाचनालयाला एकाच कादंबरीच्या पाच-सहा प्रती घेणे परवडत नाही. या मंडळींनी त्यावर साधा तोडगा काढला आहे. कादंबरी दोन-तीन महिने आधी जाहीर होते. वाचनालयाची एक प्रत, सभासदांच्या घरच्या जुन्या प्रती आणि शेजारच्या वाचनालयाकडून उसनी आणलेली एखादी, अशा प्रती गोळा होतात आणि पाळी लावली जाते. प्रत्येकाला ठरावीक दिवस मिळतात. दिवस उलटून गेले की ग्रंथपाल बाई स्वतः फोन करतात, आणि त्यांचा आवाज ऐकला की पुस्तक दुसऱ्या दिवशी परत येते.

माझ्या मते मंडळाचे खरे यश पुस्तकात ठेवलेल्या चिठ्ठीत आहे. शेवटच्या पानाला तारखांचा तक्ता चिकटवलेला असतोच, त्याच्याशेजारी एक कोरा कागद टाचलेला असतो. वाचताना जिथे आपण थांबलो, चिडलो, मागे जाऊन पुन्हा वाचले, त्या पानाचा आकडा फक्त तिथे लिहायचा. नाव लिहायचे नाही, शेरा मारायचा नाही, पुस्तकात रेघा ओढायच्या नाहीत. बैठकीत ज्या पानावर सर्वाधिक आकडे पडले असतील ते पान आधी मोठ्याने वाचले जाते आणि बोलणे तिथून सुरू होते. त्यामुळे ‘लेखकाची भाषाशैली ओघवती आहे’ यासारख्या वाक्यांना वावच राहत नाही. पान समोर असते. त्याच्याविषयी काय म्हणायचे ते म्हणा.

ही पद्धत किती दूर नेऊ शकते ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’च्या वेळी दिसले. पेंडसे याच तालुक्यातल्या मुर्डी गावचे, जन्म १९१३ सालचा. १९८७ साली दोन खंडांत आलेली ही कादंबरी जगबुडी नदीच्या काठावरच्या एका खोत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत सांगते. आमच्यापैकी बहुतेकांना खेडच्या स्थानकावर गाडी पकडायला जावे लागते, तेव्हा जगबुडी आम्हाला पुस्तकातून ओळखावी लागत नाही. पाळ्या लावूनही दोन्ही खंड सर्वांचे वाचून व्हायला पावसाळा गेला, आणि बैठकाही एका रविवारात आटोपल्या नाहीत.

चिठ्ठीवरचे आकडे खोतांच्या भांडणांवर आणि त्यांच्या माजोरी स्वभावावर पडले होते. बोलणे मात्र खोतीवर, म्हणजे खोतांच्या जमीनदारीच्या पद्धतीवर गेले, आणि तिथेच थांबले. या खोलीत खोतांचे नातू होते तसे कुळांचेही होते. उत्पन्नाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताला घालायचा, वर वेठीला जायचे, हे सर्वांनी आजोबांकडून ऐकलेले होते. पण समोरासमोर बसून कोणी त्यावर बोलल्याचे मला आठवत नाही. एका गृहस्थांनी सांगितले, “आमच्या आजोबांना खोताच्या पडवीवर बसायची मुभा नव्हती. अंगणात उभं राहायचं, आणि बोलावलं की पुढे व्हायचं.” त्यावर खोत घराण्यातल्या एक वृद्ध काकी शांतपणे म्हणाल्या, “खरं आहे हो भाऊ ते. ती पडवी आता पडली आहे. कधी वेळ झाला तर येऊन बघा.” यापुढे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की समेटाचे भाषण केले नाही, पुढच्या पानाचा आकडा वाचला गेला.

यानंतर निवृत्त शिक्षक असलेल्या आमच्या एका सभासदांनी थोडक्यात इतिहास मांडला. तो आवश्यक होता, कारण तरुणांना खोती केवळ गोष्टींतून ठाऊक होती. अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेती न कसण्याचा संप पुकारला आणि तो काही वर्षे चालला; १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. आणि खोती नष्ट करणारा कायदा प्रत्यक्षात आला तो १९४९ साली. हे सारे दहा मिनिटांत सांगून गुरुजी खाली बसले. कादंबरीचा इतिहासाशी संबंध जोडायचा तो इतकाच जोडावा, नाहीतर कादंबरी बाजूला राहते, असे मला वाटते. इतर ठिकाणी मी पाहिले आहे की परिसंवादात पुस्तक टेबलावर हार घालून ठेवलेले असते आणि वक्ते चौथ्याच विषयावर बोलत असतात.

पेंडशांच्याच ‘रथचक्र’ला १९६३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्या बैठकीत मात्र महिला सभासदांनी पुरुषांना फारसे बोलू दिले नाही. नवरा घर सोडून गेलेला, एकत्र कुटुंबात जावांचे टोमणे, आणि मुलाच्या शिक्षणासाठी नायिकेची चाललेली धडपड यांविषयी त्यांना सांगायचे होते ते बहुधा छापील समीक्षेत सापडणार नाही. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर घर चालवलेल्या बायका या गावात आजही आहेत.

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ची (१९३९) बैठक सर्वांत रंगली, याचे एक कारण पुस्तक छोटेखानी आहे आणि सर्वांचे वाचून झाले होते. दुसरे कारण आमच्यातले एक निवृत्त खलाशी. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर हिंदी नायक आणि एक ज्यू तरुणी यांच्यात जे घडते ते इतक्या थोड्या दिवसांत कसे शक्य आहे, असा आक्षेप एका महाविद्यालयीन मुलाने घेतला होता. खलाशीबुवा म्हणाले, “बोटीवर माणूस दोन दिवसांत जीव लावतो, कारण उतरून जायला जागाच नसते. बंदर लागलं की सगळं संपलं.” त्या मुलाचा आक्षेप तिथेच मिटला असे नाही, पण त्याने ते प्रकरण घरी नेऊन पुन्हा वाचले.

गणपतीत चाकरमानी गावात असतात, म्हणून त्या महिन्याची बैठक पुढे ढकलून विसर्जनानंतर घेतात. एका वर्षी त्या वेळी जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिक यांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) अशी जोडी ठेवली होती. दोघेही लेखक सिंधुदुर्गातले आणि दोन्ही कादंबऱ्या मुंबईच्या झोपडपट्टीतल्या. ही निवड करणाऱ्याला दाद द्यावी लागेल. धारावी-माहीमच्या आसपास राहून आलेले दोघे-तिघे त्या दिवशी माडीवर होते. दळवींचे वर्णन ‘जास्त खरे’ की कर्णिकांचे ‘जास्त जिव्हाळ्याचे’ हा वाद एस.टी. सुटायची वेळ झाली म्हणून थांबला.

पुस्तकांच्या अवस्थेविषयी लिहायला हवे. कोकणातल्या हवेत पुस्तक टिकवणे हे कष्टाचे काम आहे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या आधी कपाटे रिकामी करून पुस्तके उन्हात घालतात. कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या असतातच, तरीही कसर लागते, पानांवर तांबूस डाग पडतात आणि खळीने चिकटवलेले पुठ्ठे आषाढात सुटू लागतात. मंडळात फिरणाऱ्या प्रतींची शिवण गावातलाच एक कारागीर करून देतो. माझ्या हातात आलेल्या ‘रथचक्र’च्या प्रतीला बुरशीचा वास होता, पण एकही पान सुटलेले नव्हते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी शक्यतो स्वतःची प्रत आणावी.

आता उणिवा. बैठकीच्या सुरुवातीला कथानक थोडक्यात सांगण्याची एक प्रथा पडली आहे आणि ती मोडायला हवी. ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्या सोयीसाठी ती आहे, आणि त्यामुळेच न वाचता येणाऱ्यांची संख्या वाढते. हे काम ज्यांच्याकडे आहे त्यांना ‘थोडक्यात’ जमत नाही. अर्धा तास जातो, आणि शेवटची एस.टी. गाठणारे लोक नेमके चर्चा तापली की उठतात. बाहेरगावच्यांनी दुचाकीने यावे हे बरे. आंब्याच्या हंगामात आणि लावणीच्या दिवसांत बैठक नावालाच होते; त्या महिन्यांत ती सरळ बंद ठेवली तरी चालेल. तरुण सभासद मोजके आहेत, आणि जे आहेत ते मोठ्यांपुढे बोलायला कचरतात. चिठ्ठीवर मात्र त्यांचे आकडे भरपूर असतात, असे ग्रंथपाल बाईंचे निरीक्षण आहे.

माझी मुख्य तक्रार निवडीविषयी आहे. कोकणातले लेखक, कोकणातले विषय, हा परिघ सोडायला मंडळ तयार होत नाही. ‘रणांगण’ हा अपवादच. अनुवादित कादंबऱ्या जवळजवळ नाहीत, वास्तविक नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘आदान-प्रदान’ मालेतली भारतीय भाषांमधली पुस्तके याच वाचनालयाच्या कपाटात धूळ खात आहेत. फार लांबही जायला नको. शेजारच्या गोव्यातले दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ (१९८१) ही कादंबरी कुवेतला घरकामासाठी गेलेल्या बाईची आहे, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळालेला आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या किती घरांतली माणसे आखातात आहेत हे सांगायला नको. त्या घरांतले लोक मंडळात क्वचितच येतात, आणि त्यांना यावेसे वाटेल असे पुस्तक अजून लावलेले नाही. मूळ कोकणी देवनागरीत असल्याने थोडे अडखळत का होईना, आपल्या लोकांना ती वाचता येईल. हे मी सूचना-वहीत लिहिले आहे. ‘विचार करू’ असा शेरा त्याखाली पडला आहे, आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी पुन्हा पेंडसेच लागले आहेत.

नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांनी आधी सभासद व्हावे, चालू कादंबरीच्या पाळीत नाव घालावे आणि वाचून मगच माडी चढावी. जिना उभा आणि अरुंद आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी कळवले तर बैठक खालच्या वाचनकक्षात घेतात.