एमएम 540चं इंजिनकाम: प्यूजो बांधायचं की डीआय बसवायचं?

महिंद्राच्या जुन्या एमएम 540 जीपनं धूर ओकायला सुरुवात केली की मालकापुढे दोन वाटा ठेवल्या जातात. आहे तेच प्यूजो एक्सडीपी 4.90 खोलून नव्यानं बांधा, नाहीतर ते उतरवून महिंद्राचंच अडीच लिटरचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) बसवा. गॅरेजवाला बहुधा दुसरीकडे ओढतो; बोलेरो-पिकअपमुळे डीआय त्याच्या हातातलं. माझ्या मते आधी मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या अॅक्सलमधली क्राउन-पिनियन या गिअरजोडीची पेटी, उघडावं, इंजिनाचं नंतर बोलावं.

का, ते आकड्यांत बघा. प्यूजोच्या नावातले 90 म्हणजे मिलिमीटरमधला बोअर (सिलिंडरचा व्यास). स्ट्रोक (पिस्टनची धाव) 83, एकूण 2112 सीसी. हीच मापं फ्रान्सच्या प्यूजो 504 मोटारीतल्या डिझेलची, आणि स्वभावही मोटारीचाच: मोकळं फिरतं, साठेक अश्वशक्ती देतं ती मिनिटाला 4500 फेऱ्यांना, टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र 12 किलोग्रॅम-मीटरच्या आसपास. डीआय ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. बोअर 88.9, स्ट्रोक 101.6, म्हणजे साडेतीन इंच बाय चार इंच, 2523 सीसी. 3200 फेऱ्यांना त्याचा दम संपतो. पण जुन्या थारमध्ये आलेलं टर्बोचं डीआय 18 किलोग्रॅम-मीटर टॉर्क 1500 फेऱ्यांच्या आगेमागेच देतं.

आता हौसिंग. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, हा तुमचा रेशो. 43 आणि 8 निघाले तर 5.38, जो जुन्या सीजे-3बी जीपच्या काळापासून चालत आलाय. 6.00-16 टायर आणि सरळ (1:1) टॉप गिअर धरला, तर या रेशोवर डीआय 3200 फेऱ्यांना कसंबसं 78 किलोमीटरचा वेग गाठेल, तेही किंचाळत. प्यूजोला त्याच वेगाला आणखी हजारभर फेऱ्या शिल्लक असतात. डीआय बसवून हायवेला चालवायचं तर 47 आणि 11 दातांचा, म्हणजे 4.27चा क्राउन-पिनियन घ्यावा लागतो. मग 3200लाच शंभराच्या जवळ जाता येतं. हा खर्च दुप्पट धरा: पुढच्या आणि मागच्या हौसिंगचा रेशो एकच हवा, नाहीतर फोर-व्हील टाकल्याबरोबर ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीची) वाट लागते. इंजिनाच्या कोटेशनमध्ये ही ओळ सहसा नसते.

प्यूजो बांधायचं ठरलं तर काम लेथवाल्याच्या हातात आहे. याचे लायनर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या) ओले, म्हणजे बाहेरून थेट पाण्यात. लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते चारही ठिकाणी मोजून घ्या. तिथे फरक राहिला तर हेड गॅस्केट टिकत नाही. हेड अॅल्युमिनियमचं, त्यामुळे गाडी एकदा जरी तापून बंद पडली असेल तर तडा तपासल्याशिवाय पिस्टन-लायनरचा सेट विकत घेऊ नका. क्रँक आधीच दोन-तीनदा घासलेला असेल आणि हेडही गेलेलं असेल, तर हट्ट सोडावा. एक कटकट मात्र कायमची: थंड इंजिन सुरू करायला लागणारे हीटर प्लग. महाबळेश्वरच्या पहाटे डीआय हीटरशिवाय उठतं, प्यूजो रुसतं.

डीआय बसवताना चासीचा फार त्रास नाही. मेजर आणि कमांडर या जीपमध्ये कंपनीनंच ते दिलं होतं, त्यामुळे माउंटिंग, बेल हाउसिंग, क्लच कुर्ल्याच्या बाजारात शोधता येतात. त्रास इतर गोष्टींचा. थरथर वाढते. जुन्या गिअरबॉक्सवर दीडपट जोर येतो. आणि आरसी बुक. इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही बदलतात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52खाली गाडीत परस्पर फेरफार चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2019मध्ये यावर कडक भूमिका घेतली आहे. पंधरा वर्षं उलटलेली गाडी फेरनोंदणीला आरटीओसमोर न्यावीच लागते, तिथे हे उघडं पडतं. म्हणून परवानगी मिळते का, ते इंजिन विकत घेण्याआधी विचारा. ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्या मेकॅनिकची गाडी जप्त होत नसते.

सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिन) बसवायचा मोह काहींना होतो. वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांभाळायची तयारी असेल तर ठीक. खेड्यात राहणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

ट्रान्सफर केस दोन्ही वाटांवर उघडावाच लागतो. यातला डाना 18 हा ट्रान्सफर केस सगळा गिअरवर चालतो, लो रेंजला 2.46 पट जोर देतो, आणि त्यात आधी झिजतो तो मधला शाफ्ट आणि त्याचे नीडल बेअरिंग. तो घासून गुळगुळीत झाला असेल तर नुसते बेअरिंग बदलून भागत नाही, शाफ्टही नवा घ्या. सोबत ऑइल सील आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. पुढच्या नकल्सना (चाकं वळवणाऱ्या सांध्यांना) हात लावायचा तर तोही याच फेरीत.

रविवारी गडाच्या पायथ्यापर्यंत आणि अधूनमधून हायवे, असा वापर असेल तर प्यूजोच बांधा. कागद स्वच्छ राहतात, गाडी मूळची राहते. शेतावर रोज ओझं ओढायचं असेल, वेगाशी घेणंदेणं नसेल, तर 5.38वरच डीआय ठेवा, क्राउन-पिनियनचे पैसे वाचतील. दोन्ही हवं असेल तर डीआय, 4.27 आणि आरटीओची परवानगी, तिन्ही एकत्र घ्या, नाहीतर घेऊच नका. पैसे टप्प्याटप्प्यानं येणार असतील तर आधी ट्रान्सफर केस आणि हौसिंग करून घ्या. धूर ओकणारं इंजिन एखादा हंगाम काढतं, घाटात तुटलेला पिनियन गाडी तिथेच बसवतो.