बीबीए आन्त्रप्रनरशिप, इंदूर: तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

बारावी कॉमर्स झाली आणि मी बीबीएला ॲडमिशन घेतली तेव्हा लोकमान्य नगरच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांचं एकच म्हणणं होतं की बीकॉम कर, सोबत सीए कर, बिझनेस काय कॉलेजात शिकता येतो का. आता तीन सेमिस्टर झालीत, यंदा जे ॲडमिशन घेणारेत त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

आधी जे आवडलं नाही ते सांगते. ज्या विषयासाठी आले, म्हणजे उद्योजकता, तोच सगळ्यात कोरडा शिकवला. पीपीटी लावायची, फेयॉलची व्यवस्थापनाची 14 तत्त्वं, मास्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड, उद्योजकाची व्याख्या पाच जणांची पाच, आणि पेपरात तेच. बिझनेस प्लॅनला चांगले मार्क होते पण वर्गातल्या निम्म्या लोकांनी सीनियरच्या फाइलीतून उतरवला, एकानेही गिऱ्हाइकाला जाऊन विचारलं नाही की बाबा तू हे घेशील का, आणि सरांनीही विचारलं नाही. मला याचं खरंच वाईट वाटलं. एवढी फी भरतो, शहरात सियागंजचा घाऊक बाजार आहे, क्लॉथ मार्केट आहे, पलीकडे पिथमपूर, सांवेर रोडचे कारखाने, आणि आम्ही वर्गात बसून परदेशी कंपन्यांच्या केस स्टडी वाचतोय. देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे, इथून तासाभरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षं लागली होती, लोखंडाने जमीन विषारी होईल असं शेतकऱ्यांना वाटायचं. गिऱ्हाइकाची भीती कशी घालवायची याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, पण ते मला आजोबांकडून कळलं, वर्गात नाही.

आता ज्यासाठी मी हा कोर्स परत घेईन ते. दुसऱ्या सेमिस्टरला कॉस्ट अकाउंटिंग होतं आणि मॅडम स्वतः काही वर्षं एका फूड युनिटचे हिशोब बघायच्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, घरातली एक वस्तू घ्या आणि तिची किंमत काढून आणा. माझी आई दहा वर्षं ऑर्डरप्रमाणे चकली, गूळपोळी, दिवाळीचा फराळ करून देते, म्हणून मी चकली घेतली. किलोला आम्ही 360 घ्यायचो. भाजणी 110, तेल 70, तीळ-मीठ-मसाला 20, गॅस 15, पाकीट 18, झाले 233. आई म्हणाली बघ, सव्वाशे सुटतात की. मग मॅडमनी वहीवर लाल पेनाने लिहिलं, मजुरी कुठंय? पोचवायचा खर्च कुठंय? चार किलोला पाच तास लागतात, हाताखालच्या मावशींना तासाला 60 प्रमाणे 300 द्यायचो, म्हणजे किलोमागे 75, डिलिव्हरी 20. बेरीज 328. उरले 32. चार किलोचे 128, आणि त्यात आईचे पाच तास, म्हणजे आई तासाला साधारण 25 रुपयांवर राबत होती, मावशींच्या निम्म्याहून कमी. मी ती वही घरी ओट्यावर ठेवली तर आई बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, तेल पण मी जुन्या भावाने धरलंय गं.

त्या दिवसापासून हा विषय मला आपला वाटायला लागला.

दुसरी गोष्ट खेळतं भांडवल. इथं पुस्तकं हिंदीत किंवा इंग्रजीत, हिंदीत त्याला कार्यशील पूंजी म्हणतात, पाठ करूनही डोक्यात शिरत नव्हतं. आपला मराठी शब्द बघा, खेळतं, म्हणजे जे फिरत राहायला पाहिजे. एका दुकानदाराने आमच्याकडून बारा किलो माल उधारीवर नेला, पैसे दिले तीन महिन्यांनी, तोवर पुढच्या ऑर्डरच्या भाजणीसाठी आईला घरखर्चातून पैसे काढावे लागले. नफा वहीत होता आणि डब्यात पैसा नव्हता. नंतर वर्गात कळलं की उद्यम नोंदणी (म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या उत्पादकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचा कायदा 2006 पासून आहे. उद्यमची नोंदणी फुकट होते, मी घरी बसून केली. ज्यांच्या घरी असं काही चालतं त्यांनी आजच करा.

आणखी एक, उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांचा इफेक्च्युएशन नावाचा विचार. 2001 चा पेपर आहे, मॅडमनीच वाचायला दिला. हातात काय आहे तिथून सुरू करा आणि किती बुडालं तर चालेल ते आधी ठरवा, असं त्यात आहे. दिवाळीत स्टॉल घ्यायचा की नाही यावर घरी वाद चालला होता, भाडं 3000. आम्ही ठरवलं की एवढे गेले तर चालतील, याच्यावर एक रुपया नाही, आणि भांडणच मिटलं.

कोणी घ्यावा? घरी दुकान, वर्कशॉप, शेती, क्लास, काहीही चालू असेल तर जरूर घ्या, प्रत्येक धडा रात्री घरी लावून बघता येतो. ज्यांच्या हाताशी काहीच नाही त्यांनी निदान सुट्टीत कोणाच्या तरी काउंटरवर बसा, पगार नाही मिळाला तरी, नाहीतर तीन वर्षं व्याख्या पाठ होतील. आणि ॲडमिशनआधी दोन गोष्टी तपासा. 2024-25 पासून बीबीए एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आलाय, तर कॉलेजची मान्यता बघा, आणि अकाउंट्स-कॉस्टिंग कोण शिकवतं ते सीनियरना विचारा. बिल्डिंग बघून ठरवू नका.

चकली आता 440 ला देतो. दोन गिऱ्हाइकं तुटली, त्यातल्या एका काकू संक्रांतीला गूळपोळीसाठी परत आल्या. गूळपोळीचा हिशोब अजून व्हायचाय, आई म्हणते रविवारी बसू.